करंजाखालचा दगड आन् काळी चमची

मी चमची बोलून राहिले. चहात बुडणारी न्हाई, तळ्यात बुडणारी. माशाला फसवायचं हाच माझा धंदा, आन् मला त्याची लाज न्हाई.

भूकंपाच्या साली किल्लारीकडं घरं पडली, तवा मदतीच्या ट्रकात भांड्यांच्या पोत्यातून मी आले. जोहरा आन् तिचा मालक गफूर पत्र्याच्या शेडात राहायचे. डाळ शिजवायला पातेलं न्हाई, आन् चमच्या मात्र ओंजळभर.

"इतक्या चमच्यांनी खायचं काय?" जोहरा म्हनली.

गफूरनं माझी दांडी कापली, दोन्हीकडं भोकं पाडली. एका भोकात तंगूस, म्हंजे गळाची नायलॉन दोरी बांधली, दुसऱ्यात तीन तोंडांचा गळ. "आता हीच आनंल खायला." पान्यातून वढलं की मी लंगडत-डुलत येते, जखमी मासोळीवानी. मरळ माशाला वाटतं, आयतं जेवन आलं.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गावोगावची लेकरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. लेकरांना भूक लागतीच, म्हनून जोहरा-गफूर लातुरात आले आन् जोहरानं पोरींची खानावळ टाकली. सुट्टीच्या दिवशी दोघं नवरा-बायको मला घेऊन शहराबाहेरच्या तळ्यावर जायची.

तिथं करंजाखाली एक चपटा दगड हाय. डोक्यावर सावली, पाठीला खोड, म्होरं खोल पानी. तळ्याची रीत अशी की आखाडात नाल्याचं गढूळ पानी आलं, की त्यातली पयली मरळ जो काढंल त्याचा दगड, वरीसभर. गफूर होता तवर दगड त्याचाच. गफूर गेला आन् दगड चंद्रप्पाकडं गेला. हा येष्टीतला रिटायर कंडक्टर. दगडावर बसायचा पन बस भरल्यागत. "भाभी, थोडं मागं सरका."

जोहरा चिखलात उभी राहायची. घरी येऊन चप्पल धुता धुता म्हनायची, "तिथं माझा मानूस बसत होता." बास, एवढंच.

माझा रंग तिच्याच हातात. खानावळीतल्या पोरींच्या नखपॉलिशनं रंगवायची. थंडीत पानी नितळ असलं की रंग काढून, राखेनं घासून नुसती चकचकीत ठेवायची. हिरव्या पान्याला पिवळी करायची. आन् गढूळ पान्याला लालभडक. का? तर बाईसाहेबांना लाल आवडतो. वरून मी अशी नवरीवानी दिसायची, आन् हातभर खाली गेले की मातीत माती. दोन आखाड असेच गेले.

औंदा खानावळीत हदगावची उज्वला होती. अभ्यासाला कंटाळली की जोहरापाशी येऊन बसायची.

"खाला, हा लाल तुम्ही कुनासाठी लावता?"

"माशासाठी, आनखी कुनासाठी?"

"मासा तर खालून बघनार. खालून बघितलं का कधी?"

जोहरानं तिच्याकडं टक लावून बघितलं. मग लोनच्याची मोठी बरनी रिकामी केली, तळ्याचं गढूळ पानी आनून भरलं आन् गच्चीवर जाऊन उताणी झोपली. आभाळ भरून आलं होतं. उज्वलानं बरनी तिच्या डोक्यावर धरली, आन् मला वरून आत सोडलं.

"लाल दिसतो का?"

"कुठला आलाय. गेला."

"चांदी?"

"राख. पानी सांडू नको गं, नाकात गेलं माझ्या."

पोरी जिन्यात उभ्या राहून हसत होत्या. शेवटी उज्वला खोलीत जाऊन एक बाटली घेऊन आली. काळी. "बाबांना सांगू नका, त्यांना असलं आवडत न्हाई."

"तुझ्या बापाला काय मासा सांगनार हाय?"

मला काळं फासलं, वाळवलं, बरनीत सोडलं. जोहरा खालून बघत राहिली. उजेडाच्या आडवी मीच तेवढी दिसत होते.

"हाव," ती हळूच म्हनली. "ही दिसती."

दुसऱ्या दिवशी सांजच्याला तळ्यावर गेलो. औंदाची पयली मरळ अजून कुनालाच गावली न्हवती. चंद्रप्पा दगडावर पाय पसरून बसलेला. त्याची चमची सोन्यासारखी, पितळी.

"काय भाभी, चमचीला सुतक पडलंय का?"

"हाव. तुमच्या दगडाचं."

तिनं मला गवताच्या कडंला फेकलं. मी लंगडले, डुलले, जरा जास्तच नखरा केला. खालून पानी फुगलं, आन् मरळीनं मला असं धरलं की माझं अंग कडकडलं. तिकडं जोहरानं पाय रोवले. मरळ गवतात शिरू बघती, जोहरा तिला भाईर वढती. काठावरचे सगळे आपापले गळ सोडून बघाया लागले.

"ढील द्या भाभी, ढील द्या," चंद्रप्पाच वरडला. अंगात भिनलेला मासेमार, राहवलंच न्हाई त्याला.

"गप बसा, आन् उठा तिथून."

तो उठला. खरंच उठला. जोहरा तंगूस वढत वढत करंजाखाली आली, दगडावर बसली, आन् बसूनच तिनं ती मरळ काठावर घेतली. हातभर लांब, अंगावर काळे पट्टे. जोहरा कितीतरी वेळ दगडावरनं हात फिरवत होती. मग पदरानं तोंड पुसून म्हनली, "चंद्रप्पा, थोडं मागं सरका."

काठावर असा हशा पिकला की बगळे उडाले.

आता माझा काळा रंग मरळीच्या दातांनी खरवडून गेलाय, आन् जोहरा तो काढत न्हाई. तुमी तळ्यावर आलात तर मला हातात घेऊन मिरवू नका, गळ अजून तिखट हाय. आन् बसायचं असलं तर आधी इचारा. चंद्रप्पासुद्धा इचारतो. परवा टोपी काढून म्हनला, "भाभी, बसू का घडीभर?"

जोहरानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसा," म्हनली, "पन कडंला बसा. मधी मी हाय."