पेंटरची सही

साहेब, पेंटरचे हात तुम्ही घालवलेत. आणि ते गेले हे मान्य करायला तुम्ही त्याच्याकडे त्याच हातांची सही मागितलीत.

पेंटर काही पेंटर नव्हता. जुन्या ट्यूबा, बल्ब, थर्मामीटर जमा होतात त्या केंद्रावर तो मशीन चालवायचा. पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून फाटकावरची पाटी त्यानेच रंगवली: 'पारा असलेल्या वस्तू इथे द्या. कचऱ्यात टाकू नका.' तेव्हापासून तो पेंटर. लोक पाटी वाचून ट्यूब आणायचे, कागदात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर. पेंटरही ती तशीच घ्यायचा. मग शेडमध्ये नेऊन मशीनच्या तोंडात सरकवायचा. खाली पिंपात काचेचा चुरा, वर पाऱ्याची वाफ, आणि ती वाफ धरून ठेवायला फिल्टर. फिल्टर भरला की बदलायचा, असं मशीनवरच लिहिलेलं आहे. दोन वर्षं तो बदलला नाही. शेजारच्या इमारतीने आवाजाची तक्रार केली, तेव्हा मात्र शेडच्या खिडक्या तुम्ही तीन दिवसांत खिळे ठोकून बंद करवल्या.

पाऱ्याच्या वाफेला वास नसतो. आधी हिरड्यांतून रक्त आलं, ते त्याने दातांवर ढकललं. मग झोप उडाली. मग तो बायकोवर उगाच खेकसायला लागला. आणि मग हात. केंद्रावरचे विचारायचे, पेंटर, चहा पितोस की शिंपडतोस? तोही हसायचा. घरी मात्र कप टेबलावरच ठेवून तोंड खाली न्यायचा, आणि बायको तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची.

शेवटी हात कापतात म्हणून त्याने अर्ज केला. मागण्या दोनच: रक्त-लघवी तपासा, आणि मशीनवरून काढा. चार ओळी लिहायला अख्खा रविवार गेला. आठवड्याने अर्ज परत. लाल शाईत शेरा: सही नोंदवहीतील सहीशी जुळत नाही.

कारकुनाने नोंदवही उघडून दाखवली. नऊ वर्षांपूर्वीची सही, शेवटी झोकदार वळण. मेलेल्या माणसाचा फोटो बघावा तसा पेंटर तिच्याकडे बघत राहिला.

घरी येऊन त्याने वीसेक कागद वाया घालवले. वळण काही येईना. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मी करू?"

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. रोज संध्याकाळी पेंटरने तिचा हात हातात धरून गिरवून घेतलं होतं. तिचं अक्षर म्हणजे त्याचंच अक्षर.

"खोटी सही होईल," तो म्हणाला.

"तुमचाच हात आहे की. माझ्याकडे ठेवायला दिला होतात, असं समजा."

तिने सही केली. वळणासकट, हुबेहूब.

या वेळी सही जुळली. अर्ज तुमच्या टेबलापर्यंत आला आणि महिन्याने उत्तर आलं. कागद पेंटरच्या हातात ठरत नव्हता, म्हणून तिनेच मोठ्याने वाचलं: अर्जदाराची सही सुस्पष्ट व स्थिर आहे. हात कापत असल्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही. तपासणीची आवश्यकता नाही.

वाचून झालं तरी ती कागद खाली ठेवेना. माझ्यामुळे झालं, एवढंच पुटपुटली. पेंटरने तिचा हात हातात घेतला. पूर्वी या हाताने तो तिचा हात सरळ ठेवायचा. आता त्याच्याबरोबर तिचाही थरथरायला लागला.

"अक्षर मात्र छान आलंय तुझं," तो म्हणाला.

आज सकाळी पेंटर पुन्हा मशीनवर गेला आहे. खिडक्या बंदच आहेत. तिसरा अर्ज घरी टेबलावर पडला आहे, पूर्ण लिहिलेला, फक्त सहीची जागा कोरी. कापऱ्या हाताने सही केली तर तो तुम्हाला पेंटर वाटत नाही, आणि नीट सही आली तर तो तुम्हाला आजारी वाटत नाही. मग साहेब, त्या कोऱ्या जागेत त्याने काय लिहायचं? उत्तर तोंडी नको, लेखी द्या. आणि खाली तुमची सही करा.