तीनशेच्या पुढचा ‘ए’

विशालाक्षी मीटिंगमध्ये सहसा आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी चढला. शाळकरी मुलांच्या टॅबसाठी तिची टीम एक स्वस्त प्रोसेसर आखत होती आणि टीमप्रमुख कौशिकला त्यातली कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असणारी छोटी मेमरी, काढून टाकायची होती.

“स्वस्त करायचं तर काहीतरी सोडावंच लागणार,” कौशिक म्हणाला.

“सोड, पण ती नको. शनिवारी माझ्या मामांकडे ये, मग ठरव.”

सेतुमाधवमामा चेन्नईत अड्यारला राहत. तंजावूरच्या मराठी घराण्यातले; पूर्वी एग्मोरला कॉम्प्युटर जोडून विकत. कौशिक आला तेव्हा मामांनी जुनं मशीन मांडूनच ठेवलं होतं.

“हा पहिला सेलेरॉन प्रोसेसर, अठ्ठ्याण्णवातला,” मामा म्हणाले. “स्वस्त पडावा म्हणून बाहेरची कॅश गाळून टाकलेली. अय्यो, गिऱ्हाइकं माझ्यावर उखडत!”

त्यांनी आकड्यांची एक भलीमोठी शीट उघडली. बेरजा रांगत रांगत आल्या. मग मशीन बंद करून मामांनी प्रोसेसर उपसला आणि तसाच दिसणारा दुसरा बसवला. “त्याच वर्षी आला. बोर्ड तोच, वेगाचा तीनशेचा आकडाही तोच. पुढे तेवढा ‘ए’.”

या वेळी शीट झरझर भरली. कौशिक खुर्ची ओढून पुढे आला.

“कॅश किती आहे यात?”

“एकशे अठ्ठावीस केबी. पण चिपच्या पोटातच, चिपच्याच वेगानं धावणारी. महाग पेंटियमजवळ चौपट होती, पण बाहेर, अर्ध्या वेगाची. कितीतरी कामांत हा त्याच्या बरोबरीनं पळे! ज्यांनी केलं त्यांना हात जोडावेत असं काम आहे.”

कौशिकने शीट पुन्हा चालवायला लावली.

सोमवारी त्याने स्वतःच आराखडा खोडला. टॅबच्या दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी चिपवर ठेवलेला भाग गेला, त्या जागी लहानशी कॅश आली. वर्षभराने नमुन्याच्या चिप हातात आल्या. बोर्डावर सहावीचं गणिताचं पुस्तक उघडलं आणि पानं न अडखळता उलटू लागली. सगळी लॅब टाळ्या वाजवत उठली. कौशिकने तिथूनच मामांना फोन लावला आणि आनंदाच्या भरात मराठी विसरून धडाधड आपल्या मातृभाषेत, तमिळमध्येच सांगत सुटला.