तिच्या नावावरची उडी

"आणि घडी घालता घालता फिट आली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर मी पडेन," ती म्हणाली. "छत्री कोणाच्या पाठीवर जाणार नाही."

टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधे तुकडीचे मोठे साहेब, एका बाजूला लष्करी डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला एक अधिकारी, जे सारखे पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. मी भिंतीला लागून उभा होतो. फिट कशी येते हे जिला येते तिला कधीच दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलं होतं. माझं सांगून झालं होतं. डोळे वर जातात, हात ताठ होतात, मग अंग झटके देतं. मी तिला कुशीवर वळवतो आणि थांबतो. मी हे सांगत असताना ती माझ्याकडे बघत होती, दुसऱ्याच कोणा बाईची हकीकत ऐकावी तशी.

माझी बायको पॅराशूटच्या शेडमध्ये होती. विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांच्या छत्र्या वाळवायच्या, तपासायच्या आणि घड्या घालून पिशवीत भरायच्या, हे तिचं काम. तिच्या घड्या इतक्या सपाट की शेडमध्ये तिला सगळे इस्त्री म्हणत. मी त्याच तुकडीत ट्रक चालवायचो. जवान उतरले की मैदानात पडलेल्या छत्र्या गोळा करून शेडमध्ये आणून टाकायच्या. म्हणजे ती घड्या घालायची आणि मी त्यांचे बोळे करून परत आणायचो. घरीही साधारण तसंच होतं.

पहिली फिट तिला शेडमध्ये, घड्या घालायच्या टेबलापाशीच आली होती. डॉक्टरांना तीच काळजी होती. शेडचे प्रमुख, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, ते पुढे झाले.

"साहेब, आमच्याकडे एकदा घडी सुरू झाली आणि मधेच हात कापडावरून उचलला, की ती छत्री पूर्ण उघडायची आणि पहिल्यापासून घालायची. कोणी हाक मारली तरी, शिंक आली तरी. त्या दिवशीही तेच केलं. आधी हिला सावरलं, मग छत्री उघडली."

डॉक्टरांनी मान हलवली. "माझं समाधान झालं. औषधं नियमित, झोप पुरेशी. गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही. या अटींवर टेबलाचं काम करायला माझी हरकत नाही."

मला वाटलं, सुटलो. पण मोठे साहेब बोलायला लागले.

"माझी अडचण तिथेच आहे. उंचावर चढायचं नाही म्हणता, मग उडीचं काय?"

आमच्या तुकडीत एक रीत होती. घडी घालणाऱ्याने वर्षातून एकदा आपण घातलेली छत्री पाठीला लावून स्वतः उडी मारायची. कुठली छत्री, ते त्याने ठरवायचं नाही. तयार छत्र्यांतून मास्तर हाताला येईल ती काढून देत. जो उडी मारत नाही तो घडी घालत नाही. यात आजवर कोणाला सूट मिळाली नव्हती.

"घरी जा आता," टोपणवाले अधिकारी चांगल्या मनाने म्हणाले. "आराम करा. सेवा चांगली झाली आहे."

"घरी फिट येत नाही का साहेब?" ती म्हणाली.

त्यांनी टोपण लावून टाकलं.

मग ती मोठ्या साहेबांकडे वळली. "साहेब, ही रीत कशासाठी आहे ते आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. कापडावर हात फिरवताना आपला जीव आठवावा म्हणून. माझा जीव नाही चालत, तर दुसऱ्या कोणाचा घ्या. मास्तर मारतील माझ्या जागी उडी."

"मारीन की," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. "मास्तरांना काही झालं तर तुम्हाला वाईट वाटेल. पण त्या विचाराने तुमची झोप उडेल का?"

"साहेब, मी इथेच उभा आहे," मास्तर म्हणाले.

"मी मारतो," मी म्हणालो.

असं काही बोलायचं मी घरून ठरवून आलो नव्हतो. मी जमिनीचा माणूस. तुकडीत ड्रायव्हरलाही उडीचं शिक्षण घेता येतं, पण मी त्या बाजूला कधी फिरकलो नव्हतो.

ती गर्रकन वळली. "अजिबात नाही! साहेब, ह्यांचं ऐकू नका. ह्यांना स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नाही, तो मी बदलते. म्हणजे बदलायचे. गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा हे भिंत धरून चालतात. शेडमधल्या सगळ्या छत्र्या बांधल्या तरी हे तंगडी मोडूनच येतील!"

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"नाही झालं. आणि ह्यांना कोणी विचारलं होतं? ट्रकवाल्याने ट्रक चालवावा."

तिचे हात थरथरत होते. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"बसा डॉक्टर," ती म्हणाली. "फिट नाही. राग आहे."

"राग नाही, बाई," मोठे साहेब म्हणाले. "भीती आहे. आणि मला टेबलावर हीच भीती हवी आहे. ड्रायव्हर, उद्यापासून शिक्षणाला या. तुमची उडी यांच्या नावावर धरली जाईल. पास झालात तर या राहतील."

 घरी माझ्या आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बायकोला फिट येते म्हणून नवऱ्यानं विमानातून उडी मारायची? हे कुठल्या डॉक्टरचं औषध?"

शिक्षणाच्या मैदानावर माझी चांगलीच गंमत झाली. बाकी सगळी विशीतली पोरं. लाकडी मचाणावरून उडी मारायची वेळ आली की मी कठड्याला चिकटून बसायचो आणि खालून उस्ताद ओरडायचे, "ड्रायव्हरसाहेब, हँडब्रेक काढा!" संध्याकाळी ती माझ्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि शिव्या द्यायची. "पाय जुळवून ठेवा म्हटलं ना? बदकासारखे फाकवता कशाला?" तिने स्वतः अनेकदा उडी मारलेली. उस्तादांपेक्षा तिनेच मला जास्त शिकवलं.

उडीच्या सकाळी छत्री घ्यायला शेडमध्ये गेलो तर ती फळीपाशी उभी.

"मास्तर, ती खालची द्या ना. ती माझी फार छान बसली आहे."

"म्हणजे वरच्या छान बसल्या नाहीत?"

"तसं नाही हो मास्तर."

"इस्त्री, बाहेर जा," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून एक छत्री ओढली.

विमानात मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. छत्रीचा पट्टा विमानाला अडकवलेला असतो, माणूस पडला की तो ओढला जातो आणि छत्री आपोआप उघडते. आपण फक्त दाराबाहेर जायचं. त्या 'फक्त'मध्ये सगळं आलं. उस्तादांनी खांद्यावर थाप मारली. मी डोळे मिटले आणि गेलो.

खांद्यांना जोराचा हिसका बसला. डोळे उघडले तर वर भलंमोठं गोल कापड ताणलेलं आणि आवाज कसलाच नाही. इतकी वर्षं मी ही कापडं चिखलातून उचलली होती. भरलेलं कापड आतून कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं.

उतरलो तो पाय जुळवून नाही, सरळ बुडावर. ती मैदान ओलांडून आली. पहिल्यांदा तिने दोर बघितले, मग कापड, मग मला.

"मोडलं काही?"

"नाही."

"मग उठा. कापड ओलं होतंय."

मी उठलो तसा तिने माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि कपाळ माझ्या छातीवर टेकवलं. सगळी तुकडी बघत होती. मग बाजूला होऊन, टोपी नीट करून, तिने मोठ्या साहेबांना कडक सलाम ठोकला.

"साहेब, छत्री चांगली उघडली."

"बघितलं मी," साहेब म्हणाले. "टेबलावर जा. काम पडलंय."

ती राहिली. दरवर्षी मी तिच्या नावावर उडी मारत गेलो आणि दरवर्षी त्या आधीच्या आठवड्यात ती माझ्यावर खेकसत गेली. फिट पुढेही कधीकधी आली. ती पडली की मास्तर तिला सावरायचे आणि छत्री उघडून ठेवायचे. शुद्धीवर येऊन, पाणी पिऊन ती पहिल्यापासून घालायची. तिने घातलेली एकही छत्री कधी फसली नाही. मास्तरांच्या खालोखाल शेडमध्ये तिचाच शब्द चालायचा. तिला घरी पाठवायला निघालेले ते टोपणवाले अधिकारी पुढे नवीन लोकांना घेऊन तिचं टेबल दाखवायला यायचे.

ती फिटने गेली नाही. पोटाच्या आजाराने गेली, या थंडीत. गेली तेव्हा नोकरीत होती. तिला वर्दीतच नेलं.

काही आठवड्यांनी मास्तर घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "तिने घातलेली एक छत्री फळीवर राहिली आहे. मुदत संपत आली. रीतीप्रमाणे उघडून दुसऱ्याने घालायची. पण साहेबांनी विचारलंय, बाद करून तुम्हाला देऊ का? घरी ठेवा, आहे तशी. तिच्या हातच्या घड्या आहेत."

मला ती हवीशी वाटली, खोटं कशाला बोलू? कपाटात तिच्या कपड्यांशेजारी कुठे मावेल तेही माझ्या मनात येऊन गेलं.

"मास्तर," मी म्हणालो, "बंद ठेवायला तिने कधी छत्री घातली नाही. तिची यंदाची उडी राहिली आहे ना?"

"अहो, आता कोण विचारणार आहे त्या उडीचं?"

"राहिली आहे की नाही?"

"राहिली आहे," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी विमानात कोणी थट्टा केली नाही. शेजारच्या जवानाने माझे पट्टे तपासले आणि पुन्हा तपासले. दार उघडलं. या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

हिसका बसला. वर बघितलं. कापड पूर्ण भरलं होतं, एकही दोर गुंतला नव्हता. तिच्या साऱ्या घड्या एका क्षणात उलगडल्या होत्या.

"चांगली उघडली गं!" मी मोठ्याने ओरडलो. तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

वारा पडलेला होता. खाली मैदान हळूहळू मोठं होत होतं. मला घाई नव्हती आणि तिची छत्रीही मला अगदी सावकाश खाली आणत होती.