एक जूनची हिमनदी

सरकारदरबारी वीणाताई आपल्या नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या. प्रत्यक्षात दोन वर्षांनी लहान. थोरल्या भावाला सोबत हवी म्हणून वडिलांनी त्यांना त्याच्याबरोबरच शाळेत घातलं आणि मास्तरांनी वय दोन वर्षं वाढवून लिहिलं. गुरुनाथरावांच्या मास्तरांनी उलट दोन वर्षं कमी लिहिलं, पुढे नोकरीला बरं पडेल म्हणून. तारीख दोघांचीही एक जून. त्या काळी निम्मा महाराष्ट्र एक जूनलाच जन्माला यायचा.

वीणाताई हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्या छप्पन्नाव्या वर्षीच घरी बसल्या. तेव्हा त्यांनी नवऱ्याला विनवलं होतं, की ऑफिसात चला, माझी खरी तारीख सांगा. पण गुरुनाथराव स्वतः सरकारी नोकरीत, फुकटची दोन वर्षं पदरात पडायची होती. "एक कागद उघडला की दुसराही उघडतो," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. ही गोष्ट त्र्याण्णव सालची. वीणाताई ती विसरल्या नव्हत्या. विसरण्यासारखी नव्हतीच.

आता २००६चा ऑगस्ट होता. अमेरिकेत पिस्कॅटवेला राहणाऱ्या मुलाने, अमेयने, आईवडिलांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्यासाठी मोंटानाच्या डोंगरांत घोड्यावरची पाच दिवसांची सहल बुक केली होती. आईने तीस वर्षं फळ्यावर खडूने हिमनदी काढली, एकदा खरी बघू दे, एवढाच हेतू. बारीक अक्षरातल्या अटी त्याने वाचल्या नाहीत. कोण वाचतं?

दोन दिवस मजेत गेले. वीणाताई मफिन नावाच्या तपकिरी घोडीवर अशा बसल्या, की जणू जन्मभर तेच केलंय. दरी दिसली की बोट दाखवायच्या, "अहो, बघा, ही बर्फाने कोरलेली. तळ रुंद आहे ना?" गुरुनाथराव बघायचे नाहीत. त्यांचे दोन्ही हात खोगिराला घट्ट धरलेले असायचे आणि कमरेचा भुगा झालेला असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या तळावर वाटाडी डॅरला पासपोर्टवरून भरलेले फॉर्म घेऊन आली. पन्नाशीची, उंच, मोजकं बोलणारी बाई. खिंडीतून हिमनदीकडे जाणारी वाट अरुंद होती, आणि सत्तरीपुढच्या माणसाला त्या वाटेने न्यायचं नाही असा विमा कंपनीचा नियम होता.

"वीणा, सेव्हंटी वन. सॉरी," डॅरला म्हणाली. "गुरुनाथ, सिक्स्टी नाइन. यू आर गुड."

मफिनच्या मानेवरचा हात वीणाताईंनी काढला नाही. पुन्हा तेच, एवढंच त्यांच्या मनात आलं. पुन्हा तोच मास्तर, तीच दोन वर्षं.

"जा तुम्ही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नीट बघून या."

गुरुनाथराव खाली मान घालून उभे होते. मग डॅरलासमोर गेले आणि आपल्या ऑफिशियल इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हिचा पासपोर्ट चुकीचा आहे. ही एकोणसत्तर वर्षांची आहे. माझाही चुकीचा आहे. एकाहत्तर वर्षांचा मी आहे. आमच्याकडे शाळेत असं लिहायचे."

डॅरलाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचं मी मानते," ती म्हणाली. "वय वाढवून कोणी खोटं बोलत नाही. म्हणून तुम्हालाही नेता येणार नाही. हिच्या बाबतीत मात्र मी कागदच धरणार."

अर्ध्या तासाने डॅरला आणि सहलीतल्या बाकीच्यांचे चार घोडे खिंडीच्या वाटेला लागले. शेवटच्या घोड्याची शेपटी झाडीत दिसेनाशी होईपर्यंत वीणाताई बघत राहिल्या. मग ओढ्याकाठच्या दगडावर येऊन बसल्या. गुरुनाथराव शेजारी टेकले, कमरेवर हात ठेवून.

"घोड्यावरून सुटका हवी होती ना तुम्हाला?" वीणाताईंनी विचारलं.

"हवी होती," ते म्हणाले. "पण त्यासाठी कंबर दुखतेय एवढं सांगूनही भागलं असतं."

ते खरं होतं.

"हेच तेव्हा ऑफिसात बोलला असतात, तर आणखी दोन वर्षं शिकवलं असतं मी."

"हो," गुरुनाथराव म्हणाले. "शिकवलं असतंस. माझ्यामुळे गेली ती."

तेरा वर्षांत हे 'हो' त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. वीणाताईंना बरं वाटलं आणि त्याच वेळी नवऱ्याचा रागही आला. दोन्ही खरं होतं. ओढ्याचं पाणी दुधाळ, गढूळसर होतं. त्यांनी त्यात हात घातला, बर्फासारखं गार लागलं.

"हे पाणी असं पांढरं का, सांगा," त्या म्हणाल्या.

"मला काय माहीत?"

"वर हिमनदी दगड दळते. त्याचं पीठ आहे हे. नववीला होतं." त्यांनी नवऱ्याचा हात मनगटाला धरून पाण्यात बुडवला. "काढू नका. कळू दे गार किती आहे ते."

गुरुनाथरावांनी हात काढला नाही. वरून घोड्यांच्या नालांचा आवाज आला आणि हळूहळू बंद झाला. वीणाताईंना हिमनदी बघायची होती आणि ते 'हो' ऐकायचं होतं. दोन्ही हवं होतं, एक मिळालं.