तोंडानं सांगा

"आधी माणसाला खड्ड्यात घालायचं आणि मग त्याच्या मेव्हण्याला विमानात बसवायचं. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

मिस्त्रीने हे मांडीवरच्या टॅबलेटला विचारलं. पडदा अजून काळाच होता आणि त्यात त्याचंच तोंड दिसत होतं. खिडकीशी बसलेली म्हातारी दचकून वळली.

"मला म्हणालात का हो?"

"नाही मावशी. कंपनीला म्हणालो."

"मग बरं." तिने पट्टा पोटावर सैल केला. "पण त्यांना इथून ऐकू जातं?"

मिस्त्रीलाही तेच कळत नव्हतं. टॅबलेटच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचं बारीक भोक होतं, टाचणीच्या डोक्याएवढं. तपासणीत त्याचा पेचकस काढून घेतला होता, पण काळी चिकटपट्टी खिशातच राहिली होती. त्याने ती दातांनी तोडली आणि भोकावर चिकटवली. कामाची पट्टी ती, चांगली रुंद. भोक तर झाकलंच, पडद्याचीही वरची कड बोटभर झाकली गेली. असू दे. चोराच्या घरची वस्तू, तिला पदर घेतलेला बरा.

पुढे, कापडी पडद्यापलीकडच्या महागड्या आसनांवर कंपनीचे साहेब बसले होते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला त्यांनी आजवर साधा चहा विचारला नव्हता. आज सकाळी मात्र त्याची पिशवी स्वतःच्या हातात घेतली, खांद्यावर हात ठेवला आणि हा टॅबलेट दिला.

"उद्या चौकशीत काय विचारतील ते सगळं यात आहे. पाठ आहेत, चित्रं आहेत. विमानात बघून टाक आणि शेवटी अंगठा लाव, म्हणजे बघितलंस हे मला कळेल. फ्लाइट मोड तेवढा काढू नकोस. उतरल्यावर मीच घेईन."

कापायच्या कोंबडीलाही आदल्या दिवशी मूठभर दाणे जास्त पडतात.

उद्याच्या चौकशीत प्रश्न एकच होता. एप्रिलच्या शेवटी त्याचे भावोजी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले आणि वरून लिफ्ट खाली आली. जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. काम शिकवल्याशिवाय कंपनीने माणूस खाली उतरवला असेल, तर दोष कंपनीचा. शिकवून उतरवला असेल, तर दोष त्याचा स्वतःचा आणि ताईच्या पदरात भोपळा. कंपनीने कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते उद्या सांगायचं होतं, आणि सांगू शकणारा एकटा मिस्त्रीच होता. भावोजींचं कोण ऐकणार? ते तर पक्षकार.

जे काही शिकवलं होतं ते भावोजींनी, आणि त्यांच्या पद्धतीने. खड्ड्यात उतरणाऱ्याने विचारायचं, "वीज बंद?" बटणापाशी उभा असलेल्याने तोंडाने म्हणायचं, "बंद केली." मान हलवलेली चालत नाही. मान माशी बसली तरी हलते, असं भावोजी म्हणायचे. त्या दिवशी मिस्त्रीला दुसऱ्या इमारतीवर पाठवलं होतं आणि बटणापाशी आदल्याच दिवशी कामाला लागलेला माणूस उभा होता. त्याने नुसती मान हलवली. भावोजी थांबले होते. पण साहेब पाठीशी उभे होते, घाईत. म्हणाले, "हलवली ना त्याने मान? उतर आता."

मिस्त्रीने पडद्यावर बोट ठेवलं. पिवळी टोपी घातलेला चित्रातला माणूस शिडी चढू लागला.

म्हातारी डोकावली. मिस्त्रीने टॅबलेट कलता केला. ती आणखी डोकावली.

"कुठल्या कंपनीत असता?"

"का?"

"अहो, उगाच. बोलायला."

उगाच कोण विचारतं? नेमकी हिलाच ही जागा कशी मिळाली? कंपनीने माणूस पेरायचा तर मिशीवाला थोडाच पेरेल. असंच काहीतरी पेरेल, लोकरीची टोपी घातलेलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मिस्त्री तर ताकवालीचीही झडती घेण्याच्या बेतात होता.

"तुमचा तो पिवळ्या टोपीचा पोहोचला का हो वर?" म्हातारीने थोड्या वेळाने विचारलं. "मघापासून चढतोय बिचारा."

"तुम्ही बाहेर ढग बघा ना, मावशी."

"ढग काय, सगळे सारखेच."

पुढच्या पाठात पिवळी टोपी खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. तिने विचारलं, "वीज बंद?" दुसऱ्या चित्राने उत्तर दिलं, "वीज बंद केली आहे." खाली अक्षरं उमटली : केवळ मान हलवून उत्तर देऊ नये.

मिस्त्रीचं बोट तसंच राहिलं. हे तर भावोजींचं वाक्य. कुठल्या पुस्तकात नव्हतं, कंपनीच्या कुठल्याही भिंतीवर नव्हतं. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी ते चौकशीवाल्यांना सांगितलं होतं, आणि इथे ते पिवळी टोपी घालून आलं होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं. कुठे, ते मात्र दिसत नव्हतं. आता शिकवायला लागले असतील तर वाईट काय? उशिरा का होईना.

पाठ संपले. पडद्यावर एक चौकोन आला : 'मी हे प्रशिक्षण पूर्ण केले आहे.' खाली अंगठ्याची जागा.

बघितलं तर आहेच, त्याच्या मनात आलं. यात खोटं काय? अंगठा पँटला पुसून त्याने वर उचलला.

"अहो भाऊ, आज वार कोणता?"

"आता वाराचं काय काढलंत?"

म्हातारीच्या हातात गोळ्यांची डबी होती. सात कप्पे, प्रत्येकावर वाराचं अक्षर. "दोन रात्री लेकीकडे जागरण झालं, सगळं गोंधळलंय. तुमच्या त्या पाटीवर असेल ना लिहिलेलं?"

वार, तारीख, वेळ सगळं पडद्याच्या वरच्या कडेला असतं, म्हणजे त्याच्याच चिकटपट्टीखाली. वैतागून त्याने तिचं टोक नखाने उचललं.

"मंगळवार."

म्हातारीने डबी त्याच्या नाकाशी धरली. "मंगळवारचा कप्पा रिकामा आहे. मी काय चोरून खाल्ल्या होय? बुधवारच्याही संपल्यात. नीट बघा की."

त्याने पट्टी सगळीच ओढून काढली. मंगळवारच होता. पुढे तारीख होती आणि तारखेपुढे मार्च.

बाहेर जून चालू होता.

मिस्त्रीने अंगठा मुठीत घेतला. मार्चनंतर एप्रिल येतो आणि एप्रिलच्या शेवटी भावोजी खड्ड्यात उतरतात. टॅबलेटच्या हिशेबात ते अजून घडायचंच होतं, आणि आता लावलेला अंगठा त्याच्याही आधीचा ठरला असता. फ्लाइट मोडमध्ये त्याला खरी तारीख सांगायला कुणी येणार नव्हतं.

मग त्याला कालचा ताईचा फोन आठवला. किती दिवसांनी ती हसली होती. "कंपनीची माणसं आली होती रे. यांना करमावं म्हणून टॅब दाखवून गेली, कार्टूनसारखं काहीतरी होतं. जाताना यांचं बोट लावून घेतलं. आणि म्हणे, फ्लाइट मोड काढू नका! पलंगावरच्या माणसाला कुठलं रे विमान?" तोही हसला होता. माणसं सुधारली म्हणायची, असंही म्हणाला होता.

"काय झालं हो?" म्हातारीने विचारलं. "वार चुकला का?"

"हो मावशी. आज गुरुवार. घ्या गोळी." त्याने खाली पडलेलं डबीचं झाकण उचलून दिलं आणि स्वतःच्या पाण्याची बाटलीही उघडून पुढे केली. "माझंच चुकलं. मी भलत्याच भोकावर पट्टी लावली."

विमान टेकलं. लोक उठून वरच्या पिशव्या ओढू लागले. पुढचा पडदा सरकला आणि साहेब गर्दीतून वाट काढत उलटे मागे आले. हात आधीच पुढे केलेला.

"झालं ना सगळं?"

मिस्त्रीने टॅबलेट काखेत दाबला.

"साहेब, आज तारीख काय?"

"आँ?" साहेब हसले. "पहिल्यांदाच बसलास, डोकं गरगरलेलं दिसतंय. दे तो इकडे."

"देतो. तारीख सांगा, लगेच देतो. मार्च चालू आहे का?"

साहेबांची नजर टॅबलेटच्या वरच्या कडेवर गेली आणि तिथून सुटेना. पट्टीचा चिकट डाग राहिला होता, बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. मागे खोळंबलेले लोक कुरकुरत होते. म्हातारी डबी हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

साहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कुणालाच कळलं नसतं.

"मान हलवलेली चालत नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तोंडानं सांगा."