भाव ठरण्याआधी

ओहायोत जुन्या गाड्या विकता विकता माझे केस पिकले. त्यामुळे फार गोड बोलणारा माणूस मला लगेच खुपतो.

माझी लेक मॅरेन एकाच कॉलेजवर जीव लावून बसली होती. आम्ही तिथं गेलो तेव्हा प्रवेशाचं काम बघणारा माणूस म्हणाला, "आत्ताच अर्ज केलात तर प्रवेशाची शक्यता जास्त. अट एवढीच, आम्ही घेतलं की इथंच यायचं."

"फीमध्ये सूट किती?" मी विचारलं.

"ते निवड झाल्यावर कळवू. अगदीच परवडलं नाही तर सोडता येतं. पण ती वेळ कशाला येईल?"

बोलताना त्याची नजर मॅरेनच्या स्वेटशर्टवर गेली. त्यावर त्याच कॉलेजचं नाव होतं. तो गालातल्या गालात हसला.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. भाव ठरण्याआधीच गिऱ्हाइकाचं पोर गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलं की मी अस्साच हसतो, आणि मग एक डॉलर सोडत नाही.

बाहेर आल्यावर मॅरेन चिडली. "बाबा, तुला सगळेच चोर दिसतात."

"सगळे नाही गं. माझ्या धंद्यातले तेवढे."

रोज गाडीत माझ्या शेजारी बसणारी पोर रागानं मागच्या सीटवर जाऊन बसली.