'बाय'च्या पुढे कोण

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि शिकवण्याची खोड तिला घरीही सुटत नव्हती. उभा जन्म औषधांच्या शीतगृहात खोकी उचलणाऱ्या बाबांना मुकादम व्हायचं तर इंग्रजीत रिपोर्ट लिहिण्याची परीक्षा द्यावी लागणार, हे कळल्याबरोबर तिनं कंबर कसली.

"पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, काम पुढे येतं, करणारा मागे जातो," ती म्हणाली. "पण मागे गेला म्हणून त्याला विसरायचं नाही. 'बाय' लिहायचं आणि पुढे तो कोण ते लिहायचं. 'बाय' विसरलात की मार्क गेले!"

"म्हणजे कोणी केलं ते सांगायचंच?"

"सांगायचंच."

हे काही पूर्ण खरं नव्हतं. रिपोर्टात करणाऱ्याला सर्रास गाळतात, पण दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या तर बाबांचा गोंधळ उडेल, म्हणून दुसरी तिनं मागे ठेवली. पुढे ती राहूनच गेली.

बाबा उठता-बसता घोकू लागले. "द प्लेट वॉज वॉश्ड बाय युअर मदर," ते जेवून उठताना म्हणायचे. अर्थ कळल्यावर आई म्हणाली, "रोज मीच धुते. कौतुक करायला इंग्रजी यावं लागलं होय!"

बाबा पास झाले, मुकादम झाले. नव्या शर्टाच्या खिशाला पेन लावून ते कामावर जाऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत शीतगृहाचं दार उघडं राहून खोलीभर औषधं खराब झाली. बायकोला कळा सुरू झाल्याचा फोन आला तसा एक हमाल हातातलं खोकं टाकून धावत सुटला होता. दार लावायचं त्याला सुचलंच नाही. रिपोर्ट अर्थातच मुकादमानं लिहायचा होता.

"कोणाला न विचारता लिहिला," संध्याकाळी बाबा ऐटीत म्हणाले. "द डोअर वॉज लेफ्ट ओपन बाय मी."

लेक उठूनच उभी राहिली. "बाय मी? तुम्ही तर तेव्हा वजनकाट्यापाशी होतात ना!"

"होतो की. पण 'बाय'च्या पुढे कोणीतरी हवं. त्याचं नाव कसं लिहू? परवाच बाप झालाय पोरगा. मी जुना माणूस, मला फार तर रागावतील."

"अहो बाबा, 'बाय' लिहायचंच नव्हतं! दार उघडं राहिलं, संपलं. सगळे तसंच लिहितात!"

बाबांचा चेहरा पडला. "तूच म्हणालीस ना, मार्क जातात?"

दुसऱ्या दिवशी ती शाळा बुडवून कंपनीच्या साहेबांकडे गेली. बाबांची चूक नाही, शिकवणारीची आहे, असं तिनं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे, तुमच्या वडिलांनी दार उघडं ठेवलं नाही," ते म्हणाले. "मग कोणी ठेवलं?" आणि त्यांनी पेन उघडलं.

नाव तिच्या जिभेवर होतं. ते उच्चारलं की बाबा सुटत होते. पण त्या बाळाला बघायला बाबा आदल्याच दिवशी जाऊन आले होते, आणि त्याच्या इवल्या मुठींचं वर्णन करताना त्यांना शब्द पुरत नव्हते. ती तशीच उठून घरी आली. इतकं शिकूनही आपला काडीचाही उपयोग नाही, असं तिला वाटत राहिलं.

कंपनीचा कागद आला तेव्हा बाबांनी तो स्वतःच वाचायला घेतला. शब्दाखाली बोट फिरवत ते एकेक अक्षर लावत होते. "इट हॅज बीन डिसायडेड... युअर सर्व्हिसेस हॅव बीन टर्मिनेटेड." त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"यांचा 'बाय' राहिला गं," ते म्हणाले. "नोकरीवरून काढायचं कोणी ठरवलं ते लिहिलंच नाही. नाव कळलं असतं तर जाऊन हातापाया पडलो असतो."

तिनं कागद घेऊन दोनदा वाचला. वाक्यात एकही चूक नव्हती.

"हे असंच लिहितात, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.